खालून बसवलेली चाल

आबांनी डाव्या हाताने कप भिरकावला तो थेट माझ्या लॅपटॉपवर. चहा फार नव्हता, पण होता तो निम्मा कीबोर्डात गेला आणि निम्मा आईच्या लुगड्यावर.

"झालं समाधान?" आई म्हणाली. "सांगत हुते, त्यास्नी तरास दिऊ नगंस म्हणून. घे आता."

मी लॅपटॉप उपडा धरून झटकला. आबा उशीला टेकून खाटेवर बसले होते. तोंड लालबुंद, डावी मूठ आवळलेली. "उंहूं! उंहूं!" ते ओरडले. अंगावरून वारं गेल्यापासून एवढंच त्यांच्या तोंडात उरलं होतं, आणि ते काही धड शब्द म्हणावं असंही नव्हतं.

त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण तो कप अजून माझ्याकडे आहे. कान तुटलेला. मी त्यात पेनं ठेवते.

दौलत वायदंडे म्हणजे माझे आबा. 'न्यू दौलत ब्रास बँड'चे मास्तर. शिरोळपासून कुरुंदवाडपर्यंत त्यांच्या क्लॅरिनेटशिवाय नवरदेव घोड्यावर चढत नसे. ऐन लगीनसराईत, वरातीच्या पुढे चालता चालता, तोंडात क्लॅरिनेट असतानाच ते कोसळले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. वाजवणं संपलं, लिहिणं संपलं. हे सगळं आम्ही गिळलं. गिळवत नव्हती ती वेगळीच गोष्ट. आबा आत आहेत की नाहीत, हेच कुणाला कळत नव्हतं.

डॉक्टर म्हणायचे, समजत असेल थोडंफार. भेटायला येणारे पाहुणे बहिऱ्याशी बोलावं तसे त्यांच्या कानात ओरडायचे, आणि मग त्यांच्यासमोरच, ते तिथे नसल्यासारखे, "किती दिवस काढायचं हे आता?" असं आईला विचारायचे. लोकांना काय, जीभ उचलली आणि टाळ्याला लावली. पण सिदूकाका तसे नव्हते. सिदूकाका आबांचे चुलतभाऊ, बँडात युफोनियम, म्हणजे मधला भोंगा, वाजवायचे, दोघं लहानपणी एकाच ताटात जेवलेले. तेही एकदा दारात चपला घालता घालता मला म्हणाले, "दौलत्या गेला गं वैजे. हाय ते नुसतं अंग हाय."

काका रडत होते, त्यांच्याशी काय भांडायचं?

आमच्याकडे खंडेनवमीला वाद्यांची पूजा होते. नगारा, ताशा, भोंगे सगळं घोंगडीवर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, आणि मास्तरांची काठी मधोमध ठेवायची. पूजा झाली की बँडातला सगळ्यात वडीलधारा ती काठी उचलून वर्षभरासाठी मास्तरांच्या हातात देतो. आबांच्या हाती ती मला कळतंय तेव्हापासून जात होती. त्या वर्षी ती सिदूकाकांनी घ्यायची, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. काकांना ती नको होती. पण सीझन तोंडावर आलेला, आणि मास्तर नसलेला बँड म्हणजे नुसता गलका. एकदा काठी दुसऱ्याच्या हातात गेली की आबा गेल्यातच जमा होणार होते, आणि ते काठी जाताना बघायला जिवंत असणार होते. मला झोप लागत नव्हती ती ह्यामुळे.

माझं जयसिंगपुरात स्टँडमागे डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, 'भावी सरपंच' वगैरे. भावी लोकांवर माझं घर चालतं असं आबा म्हणायचे. त्यातच शाळांच्या बँडसाठी नोटेशन छापून देण्याचं कामही मी करायची. त्याचं सॉफ्टवेअर असतं, पाच रेघांवर एकेक सूर माऊसने टिपायचा. डोळ्यांचं पार वाटोळं. म्हणून नुकताच मी त्या सॉफ्टवेअरला एआय जोडून घेतला होता. आता मी मराठीत सांगायची आणि तो लिहायचा. गुणगुणलेलं रेकॉर्डिंग दिलं तर त्यातले सूर रेघांवर मांडायचा, मांडलेलं वाजवून दाखवायचा, आणि काही अडलं तर विचारायचा. माझ्याकडे कामाला राहिलेल्या पोरींपेक्षा तो कमी रुसायचा.

आता आबांचं कण्हणं. सांगलीच्या बाईंनी, म्हणजे वाचा शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की ते जे जे आवाज काढतील ते फोनवर टिपून ठेवा. आबा दिवसभर कण्हायचे. आईने त्या कण्हण्याच्या जातीच पाडल्या होत्या. एक जाड कण्हणं, एक तुटकं कण्हणं, आणि एक खुळ्यागत हुंदडणारं. मी तिन्ही टिपून ठेवली होती. त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मनात काय आलं कोण जाणे, मी जाड कण्हणं नोटेशनमध्ये टाकलं आणि विचारलं, ह्यात काही आहे का?

उत्तर आलं, "हे कण्हणं असावं असं वाटत नाही. दुखणाऱ्या माणसाचा ताल असा पक्का नसतो. सूर मोजकेच आहेत, पण लय कुठेही ढळलेली नाही. एक तुकडा पूर्ण होऊन तसाच्या तसा पुन्हा सुरू होतो."

मी खुर्चीवरून उठलेच. म्हणजे चाल आहे! आबा चाल म्हणतायत! मग मला कुठला दम. म्हटलं, हिला सजव, पूर्ण बँडची कर, ट्रम्पेट घाल, सगळं घाल. त्याने घातलं. ते घेऊन मी दुपारी घरी आले, आबांना ऐकवलं, आणि पुढचं तुम्हाला माहीतच आहे. हात दाखवून अवलक्षण.

आई लुगडं झटकत आत गेली. मी कीबोर्ड पदराने पुसला आणि रागारागाने लिहिलं, "त्यांना आवडलं नाही. कप फेकून मारला."

"वाईट वाटलं," तो म्हणाला. "ते गुणगुणतात ती मुख्य चाल आहे असं मी धरून चाललो होतो, आणि त्याचं काहीच कारण नव्हतं. एक विचारू? नवी चाल बसवताना तुमचे वडील कुठल्या वाद्यापासून सुरुवात करायचे?"

मी ते वाचलं. परत वाचलं. माझ्या हातातला पदर तसाच कीबोर्डावर राहिला.

बाकीचे मास्तर नवं गाणं बसवताना आधी चाल देतात, क्लॅरिनेटवाल्याला, आणि मग बाकीच्यांना तिच्या मागे लावतात. आबांचं उलटं. ते आधी मोठ्या भोंगेवाल्याला धरायचे. त्याचं घोटून झालं की युफोनियम, मग ट्रम्पेट, आणि चाल सगळ्यात शेवटी. तोवर कुणालाच कळायचं नाही की आपण वाजवतोय काय. पोरं कुरकुरायची, रस्त्याने जाणारे हसायचे की मास्तरांचा बँड पिसाळला. आबा म्हणायचे, "नवरदेव शेवटी चढतोय रं घोड्यावर. आधी घोडं तर आणा!"

हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्याच अंगणात मी रांगले. पण कधी डोक्यातच आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

मी फोनमधली उरलेली दोन्ही कण्हणी त्याला दिली. लिहिलं, "जाड खाली ठेव. तुटकं त्याच्यावर. हुंदडणारं त्याच्यावर. मघाशी तू घातलेलं सगळं काढून टाक."

थोड्या वेळाने उत्तर आलं. "तिन्हींची लांबी एकच आहे. वेगवेगळ्या दिवशी टिपलेली असूनही लय जवळपास सारखी आहे. खालचा जिथे थांबतो तिथे मधला सुरू होतो. मी एकही सूर बदललेला नाही. वाजवू?"

"वाजव," मी तोंडाने म्हणाले आणि मग लिहिलं.

काय सांगू? कौलारू घरावर कौलं बसवताना पाहिलंय? एकेक कौल हातात घेतलं तर वाकडं खापर. एकात एक बसली की छप्पर. ते जाड कण्हणं जमिनीवरून चालायला लागलं. ठाम, जड पावलांनी. तुटकं कण्हणं त्याच्या मोकळ्या जागांत उतरलं, एकही जागा न चुकवता. आणि ते खुळं हुंदडणारं, ज्याला मी आणि आई "आज लईच बिघडलंय" म्हणून कानावर हात ठेवायचो, ते वरून असं झेपावलं की माझ्या अंगावर सरसरून काटा आला. हा माणूस ह्या खाटेवर पडून, आमचं सगळं ऐकत, किती महिने एकट्याने पूर्ण बँड वाजवत होता. एका वेळी एक माणूस. भोंगेवाल्याचं घोटून घेतलं, आम्हाला कळलं नाही. मग युफोनियम घोटलं, तेही कळलं नाही. मग ट्रम्पेट. आणि आम्ही शिष्य असे दिव्य की बाम चोळत होतो.

आई दारात येऊन उभी राहिली. "ह्यो कुटला बँड लावलायस?"

"आपलाच हाय," मी म्हणाले. "तुझं जाड कण्हणं खाली हाय बघ. तुटकं मधी."

आई ऐकत राहिली. मग येऊन खाटेच्या पायथ्याशी बसली.

आबांचे डोळे मिटलेले होते आणि डावा हात मांडीवर ताल धरत होता. डोळ्यांतून पाणी हनुवटीपर्यंत ओघळत होतं. वाजणं थांबलं तसे त्यांनी डोळे उघडले आणि डाव्या हाताचं बोट वर केलं. अजून वर. "उंहूं," ते म्हणाले, अगदी हळू.

वर काहीच नव्हतं. चाल नव्हती. घोडं आलं होतं, नवरदेव कुठाय?

मला धीर कुठला. मी एआयला म्हटलं, वरची चाल तू करून दे. त्याने केली, पण आधीच बजावलं, "ही त्यांची नाही, माझी आहे. मोकळ्या जागेत काय बसेल एवढाच अंदाज." वाजवली तर चाल चांगली होती हो, गोड होती, पत्रिकेवरच्या गणपतीसारखी. आबांनी ऐकली आणि ते हसले. तोंड एका बाजूला ओढत, खांदे हलवत, खदखदून हसले. ते हसणं मी आजारपणात पहिल्यांदा पाहिलं. बँडातल्या नवख्या पोराला ते असंच हसायचे.

"पुसून टाक," मी लिहिलं. "वरची ओळ कोरी ठेव."

"ठेवतो," तो म्हणाला. "मलाही तेच बरोबर वाटतं."

आमच्या बँडातल्या लोकांना पाच रेघा वाचता येत नाहीत, त्यांना सा रे ग म लागतं. तेही त्यानेच प्रत्येकाच्या वाद्यानुसार वेगवेगळं करून दिलं. मी मोठ्या टायपात छापलं. चष्मे कुणीच लावत नाही, रुबाब जातो.

खंडेनवमीला अंगणात घोंगडी पडली. झेंडूची फुलं, नारळ, चकचकीत पुसलेले भोंगे. मधे काठी. सिदूकाका पांढरा सदरा घालून, मान खाली घालून बसले होते. आबांना आम्ही खुर्चीसकट बाहेर आणलं तशी सगळी पोरं उठून उभी राहिली आणि कुणाला त्यांच्याकडे बघवेना.

नारळ फुटायच्या आधी मी कागद वाटले.

"काय गं ह्ये?" सिदूकाकांनी विचारलं.

"नवी चाल हाय. वाजवा आदी, मग काठीचं बघू."

"लिवली कुणी?"

"आबांनी."

काकांचा चेहरा कसनुसा झाला. "वैजे, चेष्टा करू नगंस. आजच्या दिवशी तरी नगं."

"काका, एकदा वाजवा. न्हाई पटलं तर काठी उचला, मी आडवी येणार न्हाई."

काकांनी कागद पुढ्यात पसरला. युफोनियम उचललं. भोंगेवाल्या दिनकरने सुरुवात केली, मग काका शिरले, मग ट्रम्पेटची दोघं. पहिल्यांदा अडखळत. दुसऱ्या फेरीला ते चालायला लागलं. मशीनमधून ऐकलं होतं ते त्याच्यापुढे काहीच नव्हतं. अंगणातली कोंबडी पळाली, शेजारची माणसं दारात आली, माझ्या पायाखालची जमीन थरथरत होती.

आणि मधेच काकांनी युफोनियम खाली घेतलं. बाकीचे वाजवतच होते. काका कागदाकडे बघत होते.

"ह्ये त्याचंच हाय," ते म्हणाले. "वैजे, ह्ये दौलत्याचंच हाय. मला दम लागतोय गेलं वरीसभर, कुनाला बोललो न्हाई मी. फकस्त त्याला ठावं हुतं. बग की, बग. जितं माजा दम सपतोय, तितं तितं त्येनं मला थांबाय दिलंय."

त्यांनी घोंगडीवरची काठी उचलली आणि आबांच्या डाव्या हातात दिली. वर बोटं घट्ट मिटवली. मग डोळे बाहीला पुसून परत वाजवायला लागले.

आबांनी काठी वर केली. आणि गायला लागले.

आवाज फाटका होता, पण सूर मुळीच ढळला नाही. चाल! ती वरची, कोरी ठेवलेली चाल, आणि तिच्यावर शब्द. आबा चाल शिकवताना तिच्यावर मनाला येतील ते शब्द बसवायचे, बहुतेक वेळा समोरच्याचा उद्धार. तोच उद्धार आता स्पष्ट, अक्षर न् अक्षर, ज्या तोंडातून उंहूंच्या पलीकडे काही येत नव्हतं त्या तोंडातून येत होता.

"सिद्या गाल फुगवू नगं, फुगवू नगं,
दिन्या तिकडं बघू नगं, बघू नगं..."

दिनकर खरंच शेजारच्या दाराकडे बघत होता. तो एवढा दचकला की सूर फाटला, आणि आबांनी तोही पुढच्या ओळीत घेतला. पोरं हसत होती, रडत होती आणि वाजवत होती, तिन्ही एकदम. मी तोंडावर हात दाबून उभी होते. देव बघितलेल्या माणसाला काय वाटतं ते मला माहीत नाही, पण फार वेगळं नसावं.

चाल संपली. वाद्यं थांबली. सगळे आबांकडे बघत राहिले.

"आबा," मी म्हणाले, "बोला की. बोला काहीतरी."

आबांनी तोंड उघडलं. ओठ हलले. कपाळाला घाम आला. "उंहूं," ते म्हणाले.

आबांच्या हातातली काठी खाली आली. ते माझ्याकडे असे बघत होते की मला ते बघणं सहन होईना. वाजत होतं तोवर शब्द होते. वाजणं थांबलं, शब्द गेले.

आधी कळलं ते सिदूकाकांना.

"कोन थांबलं रं?" ते ओरडले. "कुनी सांगितलं थांबायला? पयल्यापासनं! आनि आता मी सांगंस्तवर थांबायचं न्हाई!"

दिनकरने भोंग्यात फुंकर घातली. चाल उभी राहिली, काठी वर गेली, आणि शब्द परत आले. पुन्हा संपत आलं तसं काकांनी मान हलवून सगळ्यांना परत पहिल्यावर नेलं. फेरीवर फेरी. काकांचा दम लागत होता, पण त्यांना थांबायच्या जागा लिहून दिलेल्या होत्या. आबांनी एकेकाचं नाव घेतलं. माझंही घेतलं. काय म्हणाले ते मी सांगणार नाही, ते माझ्याजवळ राहू दे.

बँडाच्या मधे बायकांनी यायचं नाही अशी आमच्यात रीत. मी कागद वाटायला शिरले तेच पुष्कळ होतं. आई पायरीवर उभी होती. ती पदर खोचून उतरली, घोंगडी ओलांडून थेट आबांच्या खुर्चीपुढे आली. आईला सूर म्हणजे काय ते ठाऊक नाही, आरतीतसुद्धा ती नुसत्या टाळ्या वाजवते. ती आबांना रोज तेल लावायची, उजव्या पायाला, लुळ्या पडलेल्या, तास तास चोळायची, आणि रोज एकच विचारायची. तेच तिने आता विचारलं, त्या चालीवर, घोगऱ्या, थरथरत्या आवाजात.

"कुटं दुखतं सांगा की, सांगा की?"

आबा काठी हलवतच होते.

"डावा गुडगा दुखतुया, दुखतुया,
उजवाच का चोळती, चोळती?"

उठवताना-बसवताना सगळा भार डाव्या पायावर होता इतके महिने. कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आई धपकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी डावा गुडघा धरला. तिला हसू आवरेना आणि रडूही. हुंदक्यांतूनच तिने वर बघून विचारलं, आता चालीबिलीचं तिला भान नव्हतं, "मग इतकं दीस बोलला का न्हाईसा ओ?"

फेरी संपत आली होती. आबांना शेवटचीच ओळ मिळाली.

"बोलत हुतो की गं, बोलत हुतो की..."

आई गुडघा चोळत होती. ट्रम्पेटवाल्याने घाम पुसायला हात वर नेला.

"हात खाली," सिदूकाका म्हणाले. "पयल्यापासनं."